उजव्या बाजूचा खिसा

८ नोव्हेंबर १९७१, सोमवार. जामखेडच्या एसटी स्टँडवर माझ्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि रोख अठ्ठावन्न रुपये होते. पोचवायला वडील, पत्नी सुमन आणि आमची दोन मुलं आली होती. माझं वय बेचाळीस. ज्या अडत दुकानात मी सतरा वर्षं हिशेब लिहिले ते बंद पडलं होतं, आणि नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात मला स्टोअरकीपरची जागा मिळाली होती. सुमन आणि मुलांना सोबत न्यायची माझी इच्छा होती. वडिलांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "आधी तिथं घडी बसू दे. मग लेकरं ने."

घडी बसली हे कशावरून ठरणार, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पगार एकशे नव्वद. खोलीभाडं बावीस, खानावळ पंचावन्न, घरी नव्वद. उरलेल्या तेवीस रुपयांत साबणापासून चपलेपर्यंत सगळं. खोलीत एक खाट होती आणि एक खिडकी, तिच्यातून कारखान्याची भिंत दिसे. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोललो नाही, असं पहिल्या महिन्यात तीनदा झालं. तुमच्यापैकी जे असेच एकटे निघाले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे मागे राहिले, त्यांना आमच्या पत्रांतून ते कळलं नसेल, कारण आम्ही ते लिहीत नव्हतो. मी लिहिलं की मी गरम कोट शिवायला टाकला आहे.

तसं लिहून बसलो, म्हणून कोट घेणं आलं. शिंप्याकडे चौकशी केली तर नवा कोट कापडासकट पंचाण्णव रुपये. मग मी नगरला जुन्या कपड्यांच्या बाजारात गेलो. घरोघर भांडी देऊन त्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या बायका तिथे ते कपडे विकायला बसत. एकीच्या ढिगात राखाडी लोकरी कोट मिळाला. बाहेरून उन्हानं विटलेला. मी शिवणी तपासल्या, अस्तर ओढून पाहिलं, काखेत बोट घातलं.

"दादा, कोट घेताय का बैल?" ती म्हणाली. "दात तेवढं बघायचं राहिलं."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मला राग आला नाही. नगरला आल्यापासून माझी थट्टा करणारी ती पहिलीच. तिनं स्वतःच अस्तर उसवून कापडाची आतली बाजू दाखवली, ती नव्यासारखी होती. अठरा सांगितले, साडेअकराला दिला.

नागापूरच्या शिंप्यानं दहा रुपयांत तो उलटवून दिला. म्हणजे सगळा उसवून, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवला. तो म्हणाला की कोट उलटला की डाव्या छातीवरचा खिसा उजवीकडे जातो, जाणत्याला लगेच कळतं. दोन रुपयांत रफू करून खिसा बंद करतो. मी दोन रुपये वाचवले. कोण एवढं बघतंय, असं मला वाटलं.

संक्रांतीला गावी गेलो. दुपारी लोक तिळगूळ द्यायला येत होते आणि वडिलांनी मला उन्हात कोट घालून ओसरीवर बसवलं. येणारा प्रत्येक जण कापड चिमटीत धरून बघे. एक जण म्हणाला, साहेब झाला की रं. वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, कितीला पडला? मी पंचाण्णव म्हणालो. सतरा वर्षांत मी आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि तो तोंडातून सहज निघाला. त्याच वेळी गावचे शिंपी बाबूराव समोर बसलेले होते. त्यांची नजर माझ्या उजव्या छातीवर गेली आणि तिथून हातातल्या तिळगुळावर आली. कापड झकास हाय, एवढंच ते बोलले.

त्या दिवशी मी सुमनशीही नीट बोललो नाही. तिनं मात्र मुलांचे कपडे वेगळे काढून ठेवले होते. खोटा आकडा पचला तर लेकरं येणार, नाही पचला तर मी एकटा परत जाणार, हाच हिशेब डोक्यात फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जायच्या आधी बाबूकडनं त्यो खिसा बुजवून घे. तिथं कुनी बघितलं तर बरं दिसत न्हाई."

बाबूरावांनी सांगितलं का, असं मी विचारलं.

"त्यानं कशाला सांगावं? माझ्या लग्नातला कोट त्याच्या बापानं उलटला हुता." मग वैरणीची पेंढी खाली ठेवून म्हणाले, "लेकरं घिऊन जा. एका पगारात दोन चुली व्हत न्हाईत."

"आणि तुमी?"

"मी हितंच. बैलं कुनाच्या जिवावर सोडू?"

पंचाण्णव रुपयांचा कोट बघून ते आम्हाला सोडतील, असा माझा अंदाज होता. साडेएकवीस रुपयांचा बघून त्यांनी सोडलं.

आता आम्ही चौघं नागापूरला आहोत. खोलीत चूल पेटते, मुलं भांडतात, सुट्टीचा दिवस बोलण्यात जातो. तिकडे वडील एकटे रांधून खातात. घर कुठलं, असं कारखान्यात कोणी विचारलं की मी जामखेडकडचं सांगतो. पण माझ्या मनात घर म्हणजे तो गोठा, जिथे माझी लबाडी वडिलांनी चारचौघांत न काढता मला एकट्याला सांगितली. ते पत्र लिहीत नाहीत. दर महिन्याला मी मनीऑर्डर करतो, आणि परत येणाऱ्या पोचपावतीवर त्यांची वाकडी सही असते. सुमन ती हातात घेऊन बघते, मग मी बघतो.

गेल्या महिन्याचे तीस रुपये वडिलांना पोचले.