डोंगरात गेलेल्या दरोडेखोराची बायको

माझ्या नवऱ्याच्या चुलत आजीचा नवरा दरोडेखोर होता. इंग्रजांच्या काळात तो पारनेरकडच्या डोंगरांत लपून राहायचा आणि एके दिवशी नाहीसा झाला. पोलिसांना सापडला नाही, घरी आला नाही, प्रेतही कुणी पाहिलं नाही. मूलबाळ नव्हतं. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा म्हातारी सत्तरीला टेकली होती आणि तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

रीत अशी, की माणूस बारा वर्षं परतला नाही तर त्याचा गवताचा पुतळा करून जाळायचा आणि बायकोनं बांगड्या फोडायच्या. आमच्या भावकीनं ते केलं नाही. माया म्हणून नव्हे. पुतळा जाळेल तो त्याचा जवळचा ठरणार आणि पोलीस आधी त्याच्या दारात येणार, ही भीती. पुढे इंग्रज गेले आणि पुतळा राहूनच गेला. म्हातारी सवाष्ण राहिली. लग्नात हळद दळायला पाच सवाष्णी बसत, त्यांत ती पहिली. कुणी काही विचारत नव्हतं, तीही सांगत नव्हती.

गावात त्याच्या गोष्टी मात्र चालायच्या. सावकाराला लुटलं, गरिबाच्या पोरीचं लग्न लावून दिलं, सगळीकडचे दरोडेखोर करतात तेच. म्हातारी म्हणायची, "लगीन लावलं आसंल. माझ्या भावाची बैलजोडी बी त्यानंच नेली."

दुष्काळाच्या साली आम्ही सगळे सरकारी कामावर खडी फोडत होतो. माझा धाकटा दीर तालुक्याला हायस्कुलात होता, तोही शाळा सोडून कामावर आला. दुपारी सुकडी वाटून झाली की त्याच्या वयाची पोरंपोरी त्याच्याभोवती बसत आणि तो त्या दरोडेखोराची गोष्ट सांगे. जुनी नव्हे, स्वतः रचलेली. त्यात घोडीचे पाय जमिनीला लागत नसत. मनगटाला एक मुळी बांधली की तो दिसेनासा होई. पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांचे ज्वारीचे दाणे होत आणि बायका ते पदरात गोळा करत. मूठभर सुकडीनं पोरांची पोटं भरत नव्हती, त्यामुळे दाण्यांचं ती रोज पुन्हा सांगायला लावत. त्यातूनच चैत्रातल्या जत्रेला वग बसवायचं ठरलं.

वगात शेवटी तो मरणार होता. मित्र दगा देतो, झोपेत मुळी कापून नेतो आणि पोलीस गोळी घालतात. हे कानावर गेलं तशी म्हातारी माझ्याकडे आली.

"पोरी, तुझ्या दिराला सांग, त्याला मारू नको म्हनावं."

"आजी, ख्योळ हाय त्यो. खोटं खोटं मरायचं."

"समद्या गावाम्होरं मरंल. मंग मला सवाशीन कोन म्हनंल? मला मळवट भरून जायचंय. आता दुसरं काय ऱ्हायलंय?"

नवऱ्याच्या आधी बाई गेली की तिचं सगळं कपाळ कुंकवानं भरतात, तो मळवट. हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात. विधवेला यातलं काही नाही. मला ते खूळ वाटलं. मेल्यावर कपाळ कसं का असेना. पण तिनं आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून मी दिराला बोलले.

"वहिनी, तो मेलाच न्हाई तर लोकांनी रडायचं कशावर?"

"रडायला वग कशाला पायजे, भाऊजी? आपला कोरडा रांजन बघा की."

तो काही दिवस फुगून बसला. मग त्यानं नवा शेवट केला. पोलीस घेरतात, डोंगर दुभंगतो, तो घोडीसकट आत जातो आणि डोंगर मिटतो. मी म्हातारीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "आत जित्ता ऱ्हातो ना?"

"ऱ्हातो."

"मंग आसू दे."

रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून वग उन्हं कलल्यावर केला. डोंगर म्हणून दोन पोरांनी काळी घोंगडी धरली होती. म्हातारी अगदी पुढे बसली. घोंगडी बाजूला झाली, दरोडेखोर काठीच्या घोडीवरून आत गेला, घोंगडी मिटली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "गिळला की गं डोंगरानं. म्हंजी मेलाच म्हना."

"मंग म्हातारी कुंकू कुनाच्या नावाचं लावती? डोंगराच्या?" दुसरीनं विचारलं.

बायका हसल्या. त्या वर्षात इतक्या बायका एकदम हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. म्हातारीनं मागं वळून बघितलं नाही.

पुढच्या लग्नाला ती हिरवं लुगडं नेसून गेली, तर जात्यापाशी पाचजणी आधीच बसलेल्या. नवरीच्या आईनं तिला पाट दिला, चहा दिला. "तुमी निवांत बसा, आजी. तुमाला दळायचा तरास नको." ती चहा पिऊन परत आली. माझ्यावर रागावली नाही, दिरावरही नाही. म्हणाली, "श्येवट चांगला हुता. लोकांला कळला न्हाई."

मृगाचा पाऊस झाला, पेरण्या सुरू झाल्या आणि त्यातच ती गेली. मी कुंकवाचा करंडा घेऊन बसले, तर भावकीतला थोरला, माझा चुलत सासरा, म्हणाला, "थांब. नवऱ्याचा पत्त्या न्हाई आन मळवट कसला?"

"त्यो मेलेला कुनी पाह्यलाय?"

"समद्या गावानं पाह्यलाय. चैतात."

तो चेष्टा करत नव्हता. राहिलेला पुतळा आधी जाळायचा आणि मग म्हातारीला विधवेसारखं न्यायचं, असं त्यानं ठरवलं. पुतळ्याला कडबा हवा होता. दुष्काळातून जगलेल्या गुरांच्या तोंडचा कडबा कुणी देईना. शेवटी आमच्या छपराचं कुजकं गवत ओढून वीतभर पुतळा केला. त्याला अग्नी दिरानं दिला. गवत ओलं होतं, धूरच फार झाला.

मग मी ओल्या फडक्यानं म्हातारीचं कुंकू पुसलं. बांगड्या मनगटावरून निघत नव्हत्या, त्या दगडानं फोडल्या. पांढरं लुगडं नेसवलं आणि तिला नेलं. वाफसा, पेरणीजोगी ओल, जाईल म्हणून माणसं घाईत होती. अंघोळी करून त्यांनी लगेच पेरायला पाभरी धरल्या.