देठ, म्यान आणि गहिनीनाथचे हात

प्रमिला नेमकं काय काम करते, हे सावेडीतल्या शेजारणींना सांगूनही पटत नसे. जुन्या इटालियन मोटारसायकलींचे शॉकअप खोलून जोडायची पुस्तकं ती इंग्रजीत उतरवते, हे ऐकून एकीने विचारलं होतं, "आणि ते वाचतं कोण?" प्रश्न रास्तच होता. वाचणारे होते सातासमुद्रापार, आजोबांच्या वयाच्या गाड्यांवर जीव टाकणारे छांदिष्ट.

इटालियन ती पुण्याला एका कंपनीत नोकरी करताना शिकली; शॉकअप मात्र नवऱ्याकडून. गहिनीनाथ मूळचा कर्जतचा, हाडाचा फिटर. इटालियनचं सोडाच, इंग्रजीतलंही त्याला ओ की ठो कळत नसे. पहिल्याच पुस्तकात 'स्तेलो' आणि 'फोदेरो' असे दोन शब्द आले. शब्दकोश म्हणाला, देठ आणि म्यान. प्रमिला डोकं धरून बसली. गहिनीनाथने एक जुना शॉकअप खोलला आणि आतली नळी बाहेरच्या नळीत सरकवून दाखवली.

"हा तुजा देठ, हे म्यान. विंग्रज काय म्हनायचं ते म्हनू दे."

तिथून त्यांची रीतच पडली. ती आपलं इंग्रजी वाक्य त्याला मराठीत सांगायची आणि तो त्याबरहुकूम हात चालवायचा. हात अडला, की वाक्य चुकलं. मग काय, स्वारी खूश! "पालथ्या घड्यावर पानी," म्हणत तो पुन्हा समजवायचा आणि ती मुकाट्याने वाक्य खोडायची. इतर जोडपी संध्याकाळी फिरायला जात. ही दोघं पोर्चमध्ये ऑइल सीलवरून भांडत. त्यांचं प्रेम म्हणायचं तर तेच होतं.

गेल्या वर्षी त्याचा हात जरा जास्तच अडू लागला. प्रमिलाला वाटलं, आपलंच इटालियन गंजलं. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं: आधी वॉशर, मग सील, वर क्लिप. त्याने वॉशर उचलला, फिरवून पाहिला, खाली ठेवला आणि आधी सील बसवलं. प्रमिलाने क्रम बदलून टाकला. छापणारे चुकले असतील, पण हा हात कधी चुकला होता? असं तिने पानोपानी केलं.

मग इंग्लंडहून मेल आला. तिच्या पुस्तकाप्रमाणे जोडलेल्या शॉकअपमधून तेल गळत होतं आणि मूळ इटालियन मजकूर मात्र बरोबर होता. माणूस भला, तुमची तब्येत ठीक आहे ना, असंही त्याने विचारलं होतं. प्रमिलाने आपले पहिले खर्डे काढून पाहिले. सगळे बरोबर होते. तिने मान वर केली. बाहेर गहिनीनाथ घामाघूम होऊन स्कूटरला किक मारत होता. किल्ली लावलेलीच नव्हती. वर्षभर ती वाक्यंच तपासत बसली होती, माणसाकडे तिने पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, स्मृती जाते आहे, आणि हे वाढतच जाणार. तिने नवऱ्याला सांगितलं, वयोमानाने होतं असं. आपले हात विसरायला लागलेत हे त्याला कळू नये, एवढीच आता तिची धडपड होती. इंग्लंडला पाठवायचं काम ती सकाळी एकटीने, पुस्तकातले फोटो पाहून तपासायची. संध्याकाळी मात्र पोर्चमधली बैठक चालूच. हात अडला की ती म्हणायची, "चुकलं बाई माझं!" आणि त्याचा चेहरा खुलायचा.

परवा तिने मुद्दाम सोपं वाक्य काढलं: स्प्रिंग नळीत सोडा. स्प्रिंग त्याच्या हातातच होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग नळीकडे, मग पुन्हा स्प्रिंगकडे. प्रमिलाने घाईघाईने पेन उचललं.

"थांबा हो, माझंच चुकलंय."

त्याने तिचं मनगट धरलं.

"खोडू नगं. वाक्य बरूबर आसंल." त्याने तिला पेन खाली ठेवायला लावलं. "मला लई दिसांपासनं ठावं हाय. तू खोडायचीस तवा बरं वाटायचं, म्हनून गप ऱ्हायलो."

त्याने स्प्रिंग तिच्यापुढे धरली, नवखा पोरगा उस्तादापुढे धरतो तशी.

"आता तू सांग, ही कुटं घालायची?"

तिला रडू आवरेना, आणि तो उत्तराची वाट बघत बसला.