पहिला कप मारोतीचा

खरं सांगते, त्या दिवशी मी देवासंग भांडूनच घरून निघाली होती. आबाजी, म्हणजे माहे आजोबा, तापातून उठले पण खाणंच सोडून देल्लं. बोलणंही बंद! चमचा तोंडाजवळ नेला का ओठ घट्ट. डॉक्टर म्हणाले, आज पोटात काही गेलं नाही तं उद्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन नाकातून नळी टाका. तिथल्या कागदपत्रासाठी रहिवासी दाखला पाहिजे, म्हणून मी गावच्या नगरपंचायतीत गेली.

अन् ते नगरपंचायत म्हणजे माह्या लहानपणीचं फौजी भवन! रिटायर फौजींनी सोता इटा वाहून बांधलेलं. आता टॅक्सची खिडकी आहे ना, तिथं कॅरम होता. दर इतवारी आबाजी मले सायकलवर बसवून न्यायचे. चहा झाला का पहिला कप भिंतीतल्या कोनाड्यात, मारोतीपुढं. तो आबाजीच्या दोस्ताच्या नावाचा, गोविंदाचा. दोघं संगच भरती झाले, गोविंदा सीमेवरून वापस नाही आला. मंग थंडा झालेला तो चहा परसाद म्हणून मले! साय आलेला, गोडमिट्ट, अजून जिभेवर आहे. पुढं एकेक बुढा गेला, उरलेल्यांनी भवन नगरपंचायतीले देऊन टाकलं. चाबी आबाजींनीच देल्ली, अन् तवापासून त्या रस्त्यानं गेलेच नाही. "गोविंदाचा कप बंद केला मी," एवढंच म्हणत.

मी रांगेत उभी होती तं नजर कोनाड्याकडं गेली. मारोती तिथंच, शेंदूर ताजा, अन् पुढं चहाचा कप! वाफ निघून राहिली होती. मी रांगच सोडली. चहा वाटणाऱ्या मावशीले विचारलं, "मावशी, हा कप काहून ठेवता वो?"

"मले काय मालूम, माय! माह्या आंधीच्या चपराशानं सांगतलं, पहिला कप तिथं. किती साहेब बदलले, कप नाही चुकला. एक साहेब म्हणे, मारोती चहा पेते का? मी म्हणलं, पेते का नाही मालूम नाही, पण तुमच्यासारखी दोनदा साखर नाही मांगत!"

मी तिथंच रडाले लागली, सगळं सांगतलं. मावशीनं कप उचलला, स्टीलच्या डब्यात ओतला. "जा पोरी, पळ. दाखला मंग नेजो."

घरी आबाजींच्या कानात म्हणलं, "आबाजी, गोविंदा आबाचा कप चालूच आहे. भवनातूनच आणला." त्यांनी डोळे उघडले. डब्याले हात लावून पाहिला. एक घोट, मंग दुसरा. अन् किती दिवसांनी आवाज आला, "उरलेला तू पे. परसाद तुहा असते."

नळी लागली नाही. याले चमत्कार म्हणा का नका म्हणू, मी वाद नाही घालत. आबाजींले वाटे, आपला हात सुटला म्हणजे सगळं सुटलं. पण ज्याचं काम होतं, त्यानं दुसरे हात कवाच लावून ठेवले होते. चार दिवसांनी दाखला आणाले गेली, तवा मावशीच्या हातून कप घेतला अन् कोनाड्यात मीच ठेवला. हात जोडले. मांगितलं काहीच नाही.