पान एकतीसवरचा नियम

गुरुवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. जांभळमळ्याच्या पाण्याच्या टाकीखाली जानकू केंगले यांनी लोखंडी चावी व्हॉल्ववर बसवली, अकरा आटे फिरवले आणि पाइपाला कान लावला. वरच्या आळीचं पाणी सुटलं होतं. आता पाऊण तास मोकळा. ते टाकीशेजारच्या खोलीत गेले, पोत्यावर मांडी घालून बसले, पंपाच्या नोंदीची जुनी वही गुडघ्यावर घेतली आणि कापून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर लिहायला लागले. प्रत्येक चिठ्ठीवर तोच मजकूर: ‘या पानावरचा चौथा नियम ही आपली रीत नाही. तो मी गोष्टीसाठी रचला. तळ्याचं कुंपण बंद ठेवा. – लेखक.’

पाऊण तासात चाळीस चिठ्ठ्या होतात. खळीचा डबा शेजारी असतो. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शिल्लक प्रती भिंतीला लावून रचलेल्या आहेत आणि त्यांच्या एकतिसाव्या पानावर या चिठ्ठ्या जातात. विकल्या गेलेल्या प्रतींपर्यंत चिठ्ठी पोचत नाही.

सत्तावन्न वर्षांचे केंगले मळ्याचे पाणीवाले आहेत, आणि पऱ्यांच्या कादंबऱ्या लिहितात. जांभळमळा म्हणजे बोरी बुद्रुकहून बेल्ह्याकडे जाताना डाव्या हाताला लागणारी चाळीस-बेचाळीस घरं. ऊस, कांदा, टोमॅटो, आणि दर दोन-तीन शेतांआड प्लास्टिकचा कागद अंथरलेलं एक शेततळं. केंगले मूळचे इथले नव्हेत. त्यांची वाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरात होती. ती डिंभे धरणात गेली. त्यांच्या आईने शेवटच्या उन्हाळ्यात घरातली भांडी खाली ठेवली आणि नदीकाठचे साती आसरांचे सात तांदळे, शेंदूर लावलेले गोटे, ओच्यात घेऊन चढ चढली. पाण्यात राहणाऱ्या या सात बहिणींची तिला भीती होती आणि मायाही होती. पाण्यापासून बऱ्याच वर, एका उंबराखाली तिने ते मांडले. आसरांना लांबूनच हाक मारायची, पोराबाळांनी पाण्याच्या काठाला जायचं नाही, ही तिची रीत. केंगल्यांना ती तेव्हापासून ठाऊक आहे.

आश्रमशाळेत चौथीच्या पुस्तकात त्यांनी पहिल्यांदा परी पाहिली. पांढरा झगा, पाठीला पंख, हातात काठी. त्यांनी गुरुजींना विचारलं होतं, “गुरुजी, हिचे केस कोरडे कसे?” वर्ग हसला. केंगले अजूनही तोच प्रश्न विचारतात. त्यांच्या पऱ्यांना पंख नाहीत. त्यांचे केस कायम ओले असतात आणि उन्हात गेल्या तर पावलं भेगाळतात. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी टाकीखाली बसून तीन पुस्तकं लिहिली. सात बहिणींचं तळाशी घर, त्यांची भांडणं, माणसांशी झालेले करार. पुस्तकाआधी ते नियम लिहून काढत. “नियम नसला तर जादू म्हंजे नुसती बडबड,” असं ते म्हणतात. दुसऱ्या पुस्तकात असे सात नियम आहेत. चौथा एकतिसाव्या पानावर आहे: ‘आसरांच्या आणि पाण्याच्या मधे माणसाने घातलेली आडकाठी चालत नाही. त्यांचं ठाणं पाण्याला टेकून, आणि त्यांच्या वाटेला दार.’

आईची रीत याच्या नेमकी उलटी होती. केंगल्यांनी ती जाणूनबुजून बदलली. उंबराखाली ठेवलेले दगड गोष्टीत हलेनात. पाण्याला टेकवल्यावर हलायला लागले.

पुस्तकं नारायणगावात छापली, प्रत्येकाच्या पाचशे प्रती. सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात केंगले दोरखंडवाल्या गेणभाऊंच्या शेजारी पोतं टाकून ती विकतात. गेणभाऊ कासरे, म्होरक्या, वेसणी विकतात आणि शेजाऱ्याची जाहिरातही करतात.

“या पावणं! बैलाला म्होरकी घ्या, घरात परी घ्या.”

“परी काय खाती, भाऊ?”

“आपल्या जानकूभाऊचा पगार खाती. बाकी लई गरीब.”

लेखक म्हणून केंगल्यांना मळ्यात कोणी विचारत नव्हतं. लोक त्यांना पाणीवाला म्हणत आणि पाणी उशिरा आलं की परीवाला म्हणत. ते तीन वर्षांपूर्वी बदललं. भरत आणि रत्ना या शेतकरी जोडप्याने नवं तळं केलं. नव्या पाण्यावर आसरा बसवायच्या होत्या आणि जुनी जाणती बाई मळ्यात उरली नव्हती. रत्नाची मुलगी राजनंदिनी तेव्हा सात वर्षांची. तिच्याकडे केंगल्यांचं दुसरं पुस्तक होतं. भरत ते पुस्तक हातात घेऊनच टाकीवर आला. “भाऊ, तुमाला यातलं समदं ठावं हाय. तुमीच बसवा.”

केंगले नवं धोतर नेसून गेले. सात गोटे निवडले, शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या ठेवल्या. तळ्याभोवती जाळीचं कुंपण उभं होतं. ठाणं आत घ्यायचं की बाहेर, असं भरतने विचारलं. केंगल्यांनी सांगितलं, आत, पाण्याला टेकून. आणि बायांना नैवेद्य नेता यावा म्हणून जाळीत दार ठेवा, झडप नको. जाळी त्यांच्यासमोर कापली गेली. अडीच फूट.

त्यानंतर दोन वर्षांत मळ्यातल्या आणखी सहा तळ्यांवर आसरा बसल्या. सहाही ठिकाणी केंगल्यांना मानाने बोलावलं, सहाही ठिकाणी जाळी कापली. चिमाबाई, त्यांच्या पत्नी, एकदाच म्हणाल्या होत्या, “सासूबाई तर वर मांडायच्या.”

गेल्या चैत्रातल्या एका शुक्रवारी रत्ना कांदा काढायला गेली होती. शुक्रवार हा नैवेद्याचा वार. दहीभाताची ताटली दर आठवड्याला रत्ना नेत असे. त्या दिवशी दुपारी ती राजनंदिनीने नेली. दहा वर्षांची, चौथीची परीक्षा नुकतीच संपलेली. तळ्याच्या कडेला चपला जोडून ठेवलेल्या सापडल्या. ताटली गोट्यांसमोर होती, भात तसाच. तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं होतं. शेवाळलेल्या कागदावरून आत गेलेलं माणूस स्वतःहून वर येत नाही; पाणी गळ्याइतकं असलं तरी येत नाही, कारण हाताला धरायला काही लागत नाही. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मळ्यात दुसरं कारण ठरलं: आसरांनी नेली, पोर त्यांना आवडली.

केंगले अंत्यविधीला होते. दहाव्यालाही होते. भरतने त्यांचे पाय धरले आणि विचारलं, “तुमच्या पुस्तकात हाय तशी ती खाली सुखात असंल ना?” केंगले “हां” म्हणाले. पुढचे पाच महिने ते या विषयावर याखेरीज काही बोलले नाहीत. सकाळी व्हॉल्व उघडत आणि मोकळा पाऊण तास नुसते बसून राहत.

भाद्रपदातल्या एका सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात आण्याच्या पठारावरचा एक शेतकरी त्यांच्यासमोर उभा राहिला. नवं तळं केलंय, म्हणाला. त्याने खिशातून घड्या पडलेलं पुस्तक काढून एकतिसावं पान दाखवलं. “तुमी लिव्हल्यापरमानं दार सोडलंय. आता फकस्त बसवायला या.”

केंगल्यांनी त्याला दार बंद करायला सांगितलं. तो हसला आणि निघून गेला. केंगल्यांनी पोतं गुंडाळलं आणि दुपारीच मळ्यात परतले. घरी न जाता सरळ रत्नाच्या ओट्यावर गेले. ती शेंगा निवडत होती.

“रत्नाबाई, ते दार. ते म्या बनवलेलं व्हतं.”

“कंचं दार?”

“जाळीचं. तशी रीत न्हाई. पुस्तकात बरं दिसतं म्हणून लिव्हलं. माजी आई आसरा पाण्यापासून लांब मांडायची.”

रत्नाने सूप खाली ठेवलं.

“मंग आमाला का सांगितलं?”

“तुमी इचारलं म्हणून. मला तवर कुणी काय इचारलंच नव्हतं.”

“एवढ्यासाठी?”

केंगल्यांनी मान डोलावली.

“आन् ती खाली सुखात हाय, ते?”

“ते पण मीच लिव्हलंय.”

रत्ना उठली. चला, म्हणाली. तळ्यावर गेल्यावर तिने गोट्यांकडे बोट केलं. “तुमी बसवल्या, तुमीच उचला.” केंगल्यांनी सातही गोटे बादलीत भरले आणि दोनशे पावलं लांब, बांधावरच्या लिंबाखाली मांडले. संध्याकाळी भरतने जाळी जोडली. तो केंगल्यांशी बोलला नाही. आजही बोलत नाही. रत्ना जाता जाता म्हणाली, “नुसतं तोंडानं सांगून कोण ऐकतंय? लोकांनी पुस्तक धरलंय. पुस्तकात बदला.”

चिठ्ठ्या तिथून सुरू झाल्या. बाकीच्या सहा तळ्यांवरही केंगले घरोघर गेले. तिघांनी ऐकलं आणि जाळी लावली. तिघांनी ऐकलं नाही. त्यांत अंबाबाई आहेत, सत्तरीच्या. घरात दोन नातवंडं, मोठं सहा वर्षांचं. त्यांनी केंगल्यांना चहा दिला आणि विषय मिटवला.

“तुमी रचलं म्हंता?”

“हां, मीच रचलं.”

“आन् तुमच्या डोस्क्यात कुणी घातलं?”

“कुणी न्हाई, अंबाबाई. माजं मीच.”

“ते तुमाला वाटतंय. त्याच बोलल्या तुमच्या तोंडून. आता पोर गेली म्हणून तुमी भ्याला. आमी न्हाई त्यांना कोंडायच्या.”

गेणभाऊंचा टोमणाही याच धर्तीचा होता. “राव, आपल्याच देवीला खोटं ठरवणारा पुजारी मी पयल्यांदा बघतोय.” पण त्यांनी चार दोरखंड दिले, हात-हात अंतरावर गाठी मारून. केंगल्यांनी टायरची ट्यूब बांधून तीन दोर तिन्ही तळ्यांत सोडले. दोराला अंबाबाईंची हरकत नव्हती. दोराविरुद्ध पुस्तकात काही लिहिलेलं नाही. पंधरा दिवसांत एका तळ्यावरचा दोर गेला. तो एका गोठ्यात वासराच्या गळ्यात सापडला. गाठी सोडवलेल्या होत्या. तिथे केंगल्यांनी चौथा बांधला.

चौथ्या पुस्तकाची ऐंशी पानं पंपाच्या वह्यांत लिहून पडली आहेत. त्यात सातवी बहीण घर सोडून जाते. पुढचं लिहायला बसलं की आधी नियम लिहावा लागतो, आणि नियम लिहायला हात जात नाही, असं ते सांगतात. चिमाबाईंनी त्या वह्या रद्दीत द्यायचं सुचवलं होतं. वह्या खोलीतच आहेत, पुस्तकांच्या गठ्ठ्यामागे.

सात वाजायला पाच कमी असताना केंगले उठले. व्हॉल्व बंद केला, नोंदवहीत वेळ लिहिली. चावीच्या पिशवीत हल्ली बांधणीच्या तारेचं एक वेटोळं आणि पक्कड असते. टाकीवरून ते रोज त्या उघड्या तिन्ही तळ्यांवर जातात आणि अडीच फुटांच्या दारावर तार आडवी बांधतात, खालून वर, पाच फेरे. घरची माणसं बघतात, अडवत नाहीत; लागेल तेव्हा सोडून घेतात. अंबाबाईंच्या तळ्यावर आज त्यांचा मोठा नातू जाळीला धरून उभा होता. केंगल्यांनी त्याला हात धरून ओट्यावर नेऊन सोडलं.

उद्या शुक्रवार. खालच्या आळीचं पाणी सहा दहाला सुटेल आणि सहा पंचावन्नला बंद होईल. साडेसातपर्यंत तिन्ही दारांवर तार लागलेली असेल. दहाच्या सुमाराला दहीभाताच्या ताटल्या निघतील आणि तार सोडली जाईल.