वाशी ते खंडाळा, शिट्टीशिवाय

सांगलीच्या एसटीनं मला पहाटे वाशीला उतरवलं तेव्हा दाजी न्यायला आले होते, पण गाडी आणली नव्हती. मला धक्काच बसला. गेले कित्येक महिने फोनवर त्यांनी माझी साधी खुशाली विचारली नव्हती. जे काही बोलायचे ते गाडीबद्दल. त्यांच्या सोसायटीतल्या एका बोटीवरच्या इंजिनीअरनं परदेशातून आणलेली जुनी जपानी गाडी विकायला काढली, आणि ती दाजींनी घेतली. गाडी डिझेलवर चालणारी, आणि मागच्या काचेखाली लाल अक्षरांत ‘टर्बो’ असं लिहिलेली. दाजी तो शब्द देवाचं नाव घेतल्यासारखा उच्चारतात.

“रिक्षानं जाऊ,” दाजी म्हणाले. “तिला आराम देतोय. आज घाट चढायचाय.”

रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी मला टर्बो समजावून सांगितला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक छोटा पंखा फिरतो, आणि तो पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. पंखा जोरात फिरला की बारीक शिट्टी ऐकू येते. “ती शिट्टी वाजली ना, की समजायचं, गाडी मूडमध्ये आहे. पण दिवाळीच्या आधीपासून शिट्टी गायब. टेन्शन आलंय रे.”

टेन्शन खरं होतं, आणि ते गाडीपुरतं नव्हतं. दाजींच्या आई, म्हणजे माई, यांचे धाकटे भाऊ अण्णा खंडाळ्याला राहतात. रेल्वेत असताना घाटात इंजिनं चालवण्यात त्यांची हयात गेली. आता दम्यामुळे ते घराबाहेर पडत नाहीत. माईंना एसटी लागते, आणि स्टेशनाचे जिने त्यांना चढवत नाहीत. त्यामुळे कितीतरी भाऊबिजा बहीणभावाची गाठ नाही. ज्या बाईला ओवाळायला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. माई भाऊ असून गॅलरीतून चंद्राला ओवाळत होत्या.

“चंद्राला ओवाळायला माझी ना नाही,” पोहे देताना माई मला म्हणाल्या. “पण तो कडबोळी खात नाही.”

ताईनं मला ओवाळलं, मी आणलेल्या साडीला “रंग बरा आहे” एवढंच म्हणाली, आणि आम्ही निघालो. पुढे दाजी आणि मी, मागे माई आणि ताई, त्यांच्यामध्ये फराळाचे डबे, ओवाळणीचं ताट आणि अण्णांसाठी घेतलेला स्वेटर. निघण्याआधी माई गाडीच्या पुढे जाऊन जरा वाकल्या. मला वाटलं नमस्कार करताहेत. मीही केला.

सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालली. तुर्भ्याला पोचलो. दोन्ही बाजूंना कारखाने, ट्रकांच्या रांगा, आणि डोंगरातल्या दगडखाणींची धूळ. झाडांची पानंसुद्धा पिठाच्या गिरणीत राहिल्यासारखी. तिथं पहिला चढ आला आणि गाडीनं मान टाकली. दाजी पायानं दाबताहेत, इंजिन ओरडतंय, मागून काळाकुट्ट धूर, आणि गाडी जागच्या जागी असल्यासारखी. एक पाववाला सायकलवरून आमच्या शेजारी आला, थोडा वेळ सोबत चालला, दाजींकडे सहानुभूतीनं बघितलं आणि पुढे निघून गेला.

“याला टर्बो म्हणतात का?” ताईनं विचारलं.

दाजींनी गाडी कडेला घेतली.

ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री रस्त्याकडेलाच होता. त्याला दिवाळी नव्हती. त्यानं बोनेट उघडलं, धूर हुंगला, इंजिनाला कान लावला आणि निकाल दिला. “साहेब, टर्बो बसला. खोलावा लागेल. गाडी चार-आठ दिवस सोडून जा.”

“आज भाऊबीज आहे हो,” दाजी कळवळले.

“मग डिझेल खराब असेल,” मिस्त्री लगेच म्हणाला. इतक्या चटकन मत बदलणारा डॉक्टर मला फार आवडला. त्यानं डिझेलची गाळणी बदलली. मग हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं आणि थबकलाच. “हा कधी बदलला?”

“बदललेला नाही. आहे तोच आहे.”

“या धुळीत? एवढा सफेद?” त्यानं शेजारच्या दोघा मिस्त्र्यांना हाक मारली. तिघांनी तो फिल्टर हातात घेऊन नव्या बाळासारखा बघितला. “बघा रे, गाडी अशी ठेवतात.”

दाजींची छाती फुगली. “मेंटेनन्स!” ते म्हणाले. मागच्या सीटवर माईंचा चेहरासुद्धा उजळला. “काळजी घ्यावी लागते बाबा,” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

गाडी सुरू केली. धूर तोच, चाल तीच.

शिरवण्याला दाजींच्या ओळखीचे हिराजीशेठ राहतात. मूळचे याच गावातले आगरी. शेती गेली तशी चाळी बांधल्या, डंपर घेतले. डंपर म्हणजे टर्बो आलाच, असा दाजींचा हिशेब. शेठ दारातच बनियनवर दात घासत उभे होते.

“काय झायलं गारीला?” (म्हणजे गाडीला.) त्यांनी ब्रश खिशात ठेवला आणि बोनेटमध्ये डोकं घातलं. बराच वेळ ते तिथंच होते. मग आतूनच आवाज आला. “हवा जाते हाय. पाइप ढिला हाय.” एक रबरी नळी खरंच जराशी सैल निघाली. ती त्यांनी पट्टीनं आवळली. फिल्टरही बघितला आणि तेही थक्क झाले. “माज्या डंपरचा फिल्टर दाखवू का? त्याच्यान वांगी लावता येतील.”

“मेंटेनन्स,” दाजी पुन्हा म्हणाले.

“आता पानी प्या, भाकरी खा, मंग जा. नाय म्हनाचं नाय.”

आम्ही नाही म्हणालोच नाही. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि कांद्यावर परतलेला जवळा (बारीक सुकी कोळंबी) पानात पडला तेव्हा गाडी, घाट, भाऊबीज हे सगळं माझ्यापासून फार लांब गेलं. मी तिसरी भाकरी घेतली. माईंनी मात्र घोटभर चहाच घेतला. सारख्या उन्हाकडे बघत होत्या.

शेठच्या आईला इंजिनाचं निदान पटलं नव्हतं. “नजर लागली हाय,” त्या म्हणाल्या. “एवरी चकचकीत गारी, कोन बघनार नाय?” त्यांनी मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या, गाडीवरून उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. खमंग ठसका उठला. दाजी खोकले, मी खोकलो, ताई खोकली, हिराजीशेठ लांब जाऊन खोकले. एक गाडीच काय ती खोकली नाही, त्यावरून ती बरी झाली असं सर्वांनी ठरवलं.

बेलापूर गेलं, खारघरचा डोंगर डावीकडून मागे पडला. गाडी सपाटीवर होती म्हणून आम्ही खूश होतो. दाजी शीळ घालू लागले, बहुधा टर्बोच्या वतीनं. कामोठ्याजवळ अर्धवट बांधलेल्या इमारती, मधे मधे भाताची खाचरं, आणि पुढे एक साधासा चढ. घाट नव्हे, घाटाचं नातवंडसुद्धा नव्हे. त्या चढावर गाडी आधी हळू झाली, मग आणखी हळू झाली, आणि शेवटी एक बारीक उचकी देऊन थांबली.

दाजींनी कपाळ स्टिअरिंगला टेकलं. मला पहिल्यांदाच त्यांची कणव आली. सोसायटीत टवाळी होईल याचं त्यांना काही नव्हतं. मागे बसलेल्या आईकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

“हा चढ नाही चढत,” ते शेवटी म्हणाले. “बोरघाट काय चढणार?”

“फिरव गाडी,” माई शांतपणे म्हणाल्या. “चंद्र आहेच.”

ताईनं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. माई पहाटेपासून न्हाऊनमाखून बसल्या होत्या. मांडीवर स्वेटर होता, त्याची घडी त्या सारखी नीट करत होत्या.

रस्त्याकडेला एका बांधकामावर नळ होता. इंजिन तापलेलं, माणसंही तापलेली. ताई म्हणाली, निदान पाणी तरी पिऊ. मी तांब्या घेऊन उतरलो. दाजींनी उगाचच बोनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले.

“अरे, तसंच भरू नकोस,” माई खिडकीतून ओरडल्या. “बांधकामाचं पाणी ते. गाळून घे.”

“फडकं कुठंय माई?”

“हे काय, पुढे नळीला बांधलंय ना! ते सोड. खालच्या बाजूनं घे, वरची धूळ झटक.”

“कुठल्या नळीला?” मी विचारलं.

“गाडीच्या रे. हवेच्या.”

दाजींनी बोनेटमधून डोकं वर काढलं. अगदी सावकाश.

दिव्याच्या मागे, खाली, जिथं कुठल्याही मिस्त्र्याचं लक्ष जाणार नाही अशा जागी एका नळीचं तोंड होतं. हवा आत घेण्याचं तोंड. त्यावर मांजरपाटाचं चार पदरी फडकं होतं, परकराच्या नाडीनं गच्च बांधलेलं, वर सुबक सुरगाठ. आपल्या घरी नळाला बांधतात तसंच. धुळीनं ते राखाडी झालं होतं.

“आई,” दाजी म्हणाले. “हे काय आहे?”

“तूच नाही का दाखवलंस, गाडी इथून श्वास घेते म्हणून? त्या खाणीची धूळ बघितलीस का? दर सोमवारी धुते मी. आधी एकपदरी होतं. दिवाळीच्या तोंडावर धूळ वाढली म्हणून दुपदरी केलं. आज लांब जायचं, म्हणून मुद्दाम चार पदर घातले.”

“फिल्टर असतो गं आई त्याला!”

“असेल. पण तो स्वच्छ कुणामुळे राहिला?”

ताई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली; मग कोंबूनही जमेना तेव्हा उघड हसली. दाजी आधी लाल झाले, मग त्यांचेही खांदे हलू लागले. माई तेवढ्या गंभीर. “पाणी गाळा आधी,” त्या म्हणाल्या.

फडकं सोडून मी पाणी गाळलं. मग दाजींनी गाडी सुरू केली, पायानं दाबलं, आणि आमच्या तिघांच्या पाठीचे कणे सीटला चिकटले. चढ कधी संपला ते कळलंच नाही. बोनेटखालून एक बारीक, लांब, लाडिक शिट्टी आली. दाजींच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

पनवेल, मग खोपोली, मग घाट. धापा टाकणारे ट्रक आम्ही एकामागून एक मागे टाकत होतो. प्रत्येक वळणावर शिट्टी वाजायची आणि माई मागून म्हणायच्या, “हळू रे, कळलं तिला येतं ते.” खाली दरी हिरवी होती, वर उन्हात कातळ चमकत होते, पण दाजींनी आम्हाला निसर्ग बघू दिला नाही. शिट्टी ऐका म्हणाले.

अण्णांचं घर बैठं, कौलारू. ते खाटेवर बसले होते. कानटोपी, स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर, आणि नाकातोंडावरून तीन वेढे घेतलेला लोकरी मफलर. सूनबाई म्हणाल्या, “हवा लागू नये म्हणून. फार जपते मी त्यांना.” मफलरच्या आतून अण्णांचा श्वास घरघरत होता.

“घाट चढलीस?” अण्णांनी आतूनच विचारलं. “मागे दुसरं इंजिन लावलं होतं का?” घाटात आगगाडीला मागून दुसरं इंजिन ढकलतं, त्यांचा जन्म त्यात गेलेला.

“काही लावलं नाही,” माई म्हणाल्या. “होतं तेच काढलं.”

त्यांनी ताट खाली ठेवलं, भावापुढे उभ्या राहिल्या आणि मफलरचा एक वेढा सोडला. मग दुसरा. मग तिसरा. सूनबाई “अहो आत्या” म्हणेपर्यंत मफलर माईंच्या हातात होता. आत पांढऱ्या मिशांचा, हसरा, किती वर्षांत न बघितलेला चेहरा होता. अण्णांनी छाती भरून श्वास घेतला. माईंनी निरांजन लावलं. त्यांनी ओवाळलं, तेव्हा ताईनं ताटाला खालून हात दिला. अण्णांनी कडबोळ्यांचा अख्खा डबा मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी मी वाशीहून सांगलीला निघालो. प्रवासात माणूस नवं काहीतरी बघतो म्हणतात. मी आपल्या घरच्या नळावर रोज बघतो तेच बघून आलो. फक्त जीव लावणाऱ्या माणसाच्या हातात फडकं किती पदरी होईल याचा नेम नाही, एवढं मला या वेळी कळलं. माईंनी निघताना चकल्यांचा डबा दिला. झाकण सैल होतं, म्हणून डब्याच्या तोंडावर तेच मांजरपाट, धुऊन वाळवून, चार पदरी, त्याच नाडीनं बांधलेलं.

घरी आल्यावर बायकोला ती गाठ सुटेना. शेवटी मी दातानं सोडवली. चकल्या कालच तळल्यासारख्या कुरकुरीत होत्या. आत हवा गेलीच नव्हती.