तेल लावलं की बसून राहायचं

खामगावहून एस.टी. सुटली तेव्हा उजवं मनगट मफलरात गुंडाळून मी मांडीवर ठेवलं होतं. जिनिंगमध्ये कापूस ओढून ओढून ते ठणकत होतं. मुकादमाने साफ सांगितलं होतं, सोमवारी हात चालला तर ये, नाहीतर परत आपल्या कोकणात जा. सातवीनंतर शाळा सुटली, गावात काही जमलं नाही, म्हणून एवढ्या लांब आलेला मी. परत जाऊन आईला काय सांगणार? शेवटी बरोबरच्या रफिकने आपल्या चाचांचा पत्ता दिला. ते तिखाडीचं (डोंगरउतारावरचं वासाचं गवत) तेल काढतात म्हणाला.

शेगाव मागे पडलं आणि उत्तरेला सातपुडा दिसू लागला. आपल्याकडे डोंगर म्हणजे हिरवा. हा धुरकट, निळसर. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि वाळत चाललेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं). जळगाव जामोदला काळीपिवळी जीप धरली, पण भलत्याच फाट्यावर उतरलो. उरलेली वाट पायी.

सलीमचाचांची भट्टी थंड होती. तेलाच्या डेगेत (गवत उकळायच्या मोठ्या भांड्यात) कोंबडी बसलेली.

"तेल काढत नाही आता?"

"गवत कुठी हाये बापू? सारा उतार नांगरला. बीटी आली तवा असा कापूस झाला का आमीबी येडे झालो. आता बोंडात गुलाबी अळी, अन् माती वाहून उतारावर नुसते गोटे."

जुनी एक बाटली शिल्लक होती. चाचांनी मनगटावर तेल चोळलं. वास गुलाबासारखा. आधी गार, मग कोमट, आणि ठणका गेला. इतकं बरं वाटलं की रडायचंच बाकी राहिलं.

"गेला नाही तो," चाचा म्हणाले. "माही भाची फार्मसी शिकते. ते म्हणते, शिरांच्या टोकाले बारीक दारं असतात. तेलातला अर्क थंडीचं दार उघडते अन् ठणक्याचं लोटून घेते. आतली दुखापत तशीच राह्यते. म्हून आमच्याइथं तेल लावलं का सकाळपर्यंत बसून राह्याचं. कशाले हात लावाचा नाही."

चाची भाकरी थापत होत्या. "कायदे याहीचे," त्या म्हणाल्या. "कापूस वेचावा म्या, अन् तेल भेटते सांजच्याले, काम सरल्यावर. कामाआधी दिलं तर काय बिघडते?"

ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ओळख ना पाळख, तरी दुसरी भाकरी न विचारता ताटात पडली. जेवून चाचा नमाजला गेले आणि चाची फरदड (खोडव्याची कपाशी) वेचायला निघाल्या. मी मागोमाग गेलो. बसून राहा हे पाहुण्याला म्हणायचं म्हणून म्हणाले असतील, असं मला वाटलं. खाल्ल्या घरी हातावर हात ठेवून बसायची आमच्यात लाज. दोन गाठोडी खांद्यावर घेतली, बांधापर्यंत नेली. मनगट जरासुद्धा कुरकुरलं नाही.

"तेल लावेल हाय ना बे तुले?" चाची हसत म्हणाल्या.

"काही होत नाही, चाची."

दिवेलागणीला तेलाचा असर उतरला. मनगट भाकरीच्या गोळ्याएवढं सुजलं. चाचांनी पट्टी बांधली. चाचीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "म्या पाहूनबी थांबवलं नाही त्याले."

सोमवारी मुकादमाने माझ्या जागेवर दुसरा उभा केला. रफिकने गाडीत बसवून दिलं.

आता घरी आहे. परवा चाचींचा फोन आला. "हात कसा हाये, बेटा?"

त्यांच्या जीवाला घोर नको म्हणून म्हटलं, "बरा झाला. कामालाही लागलो."

"बरं झालं. मंग म्याबी आता तेल लावूनच वेचतो. काल दोन गाठोडे उचलले. याहीले सांगू नको."

"चाची, खोटं बोललो. काम गेलं. तांब्यासुद्धा उचलत नाही या हाताने."



"आता दुखते का?"

"दुखतं."

"मलेबी सकाळपासून दुखून राह्यलं," चाची म्हणाल्या. "दुखू दे. आज नाही लावत मी."