एक लाख तीन

आबा आमच्याकडे चिकलठाण्याला आले ते अर्धांगाच्या झटक्यानंतर, हात सावरेपर्यंत म्हणून. हात सावरला, पण मी काही माझ्या बापाला सोडेना. सिल्लोडजवळच्या गावी शेतावर एकटे राहणार, काही झालं तर बघायला कोण? त्यांना मात्र फ्लॅटमध्ये करमत नव्हतं. "डोकं ताळ्यावर हाय माझं. सिल्लोडच्या गाडीत बसवून दे," हेच पालुपद.

एकदा जेवताना मी वैतागलो. डॉक्टरांनी त्यांना अधूनमधून गणितं घालायला सांगितलंच होतं. म्हटलं, "ठीक आहे. एक लाख तीनला, एक सोडून, कोणत्या लहान आकड्यानं पूर्ण भाग जातो ते काढा, लगेच सोडतो." नुसता एक लाख फारच सोपा, म्हणून वर तीन टाकले होते. त्यात दुसरं काही शहाणपण नव्हतं.

आबांचे पाढे तिसापर्यंत तोंडपाठ. मांडीवर पाटी घेऊन खुशीत बसले. दोन आणि पाच बघताक्षणीच गळाले. अंकांची बेरीज चार, म्हणजे तीनही नाही. सातानं भागलं तर बाकी एक. अकरानं दोन. तेरानं सात. एकोणतिसापर्यंत पोचले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. "आकडा म्हणलं का कोणत्या तरी पाढ्यात येतोच," ते पुटपुटले. "माझंच कुठंतरी चुकतंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनापासून सुरुवात.

मी मोबाईलवर करून पाहिलं तर माझ्याही बाक्या त्याच. आता मीच गोंधळलो. शेवटी कॉलेजात गणित शिकणाऱ्या माझ्या मुलीला विचारलं. ती हसली. "बाबा, ही मूळ संख्या आहे. तिला फक्त एकानं आणि त्याच संख्येनं भाग जातो. तीनशे सोळापर्यंत, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंत, तपासलं की पुरे."

पुढं का नाही तपासायचं, मी विचारलं.

"पुढच्या एखाद्यानं भाग गेला असता, तर त्याचा जोडीदार आतच सापडला असता ना."

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. सात, अकरा मूळ असतात हे शाळेत शिकलो होतो, पण लाखाच्या घरातला एवढा थोराड आकडा असा अडून बसावा, हे डोक्यात शिरेना. त्यात मला आनंद झाला की भीती वाटली, तेही ठरेना. आबांची एकही बाकी चुकली नव्हती, म्हणजे डोकं खरंच ताळ्यावर होतं, त्यांना सोडणं आलं. उलट मी तोंड उघडलंच नाही, तर ते कायमचे माझ्याजवळ राहणार होते.

सकाळी त्यांच्याशेजारी बसलो. "आबा, तुमचं सगळं बरोबर आहे. हा आकडा फुटतच नाही. चला, पिशवी भरू."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला वाईट वाटू नये म्हणून बोलतो व्हय रे?"

"नाही आबा, खरंच."

"एवढा मोठा आकडा, अन् फुटत नाय? लेका, आजारी माणसाला असंच समजावतेत. साधा भागाकार जमंना, उद्या मोटर चालू करून इसरून जाईन मी. ह्यो फुटला का माझा मी जातो."

मुलीनंही सांगून पाहिलं. मोबाईल दाखवला. ते पाटी पुसत राहिले. तिसाच्या पुढचे पाढे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. पेन्सिल धरून त्यांनी मला विचारलं, "एकतीस त्रिक किती रं?"

"त्र्याण्णव," मी म्हणालो.